शब्द फिरला, व्याज थांबलं नाही

विकास सोसायटीचा सचिव राजकारणाकडे पाहतो ते वसुलीच्या रजिस्टरातून. मलकापूर आणि कराडच्या आसपासच्या गावांत माझी नोकरी याच कामात गेली. सभासदांची कमाल मर्यादा पत्रकं भरायची, जिल्हा बँकेकडून पीककर्ज मंजूर करून आणायचं, ऊस बिलातून कपात बसवायची आणि मार्चअखेर, जूनअखेर येणे यादी काढायची. माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे या कामात कळत नाही. त्याने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला हे मात्र कळतं, कारण तो विश्वास त्याच्या कर्जखात्यावर उमटतो. इतक्या वर्षांत अनेक सरकारं आली, अनेक जाहीरनामे निघाले, आणि प्रत्येक वेळी त्यांचा पहिला परिणाम मला वसुलीच्या टक्क्यात दिसला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. निवडणुकीतलं आश्वासन ऐकून माणसं आपले व्यवहार बदलतात. म्हणून ते आश्वासन मागे घेतलं की मतदाराचं मन तर दुखावतंच, पण त्याचं रोख नुकसानही होतं. हे नुकसान शब्द देणाऱ्याच्या अंगावर येत नाही, शब्द खरा मानणाऱ्याच्या अंगावर येतं. मतदाराच्या निराशेबद्दल बोलताना आपण हा हिशेब धरत नाही, आणि त्यामुळे ती निराशा हळवेपणात किंवा हावरटपणात जमा होते.

अगदी अलीकडचं उदाहरण 2024 च्या विधानसभा निवडणुकीचं. 5 नोव्हेंबर 2024 रोजी कोल्हापुरातल्या सभेत महायुतीने दहा आश्वासनं जाहीर केली. त्यात शेतकऱ्यांची कर्जमाफी होती, लाडकी बहीण योजनेतल्या महिलांचे दरमहाचे 1500 रुपये 2100 करण्याचा शब्द होता, वृद्धांचं पेन्शन 2100 करण्याचा होता, वीजबिलात 30 टक्के कपातीचाही होता. गावोगावच्या प्रचारात सातबारा कोरा करण्याची भाषा झाली. समोरची महाविकास आघाडीही मागे नव्हती. तिने तीन लाखांपर्यंतची कर्जमाफी, नियमित फेडणाऱ्यांना 50 हजार आणि महिलांना दरमहा 3000 रुपये कबूल केले होते. म्हणजे कर्जमाफी होणार की नाही, हा प्रश्न मतदारासमोर उरलाच नव्हता. कोणीही आलं तरी ती होणार, असंच चित्र दोन्ही बाजूंनी उभं केलं होतं. 20 नोव्हेंबरला मतदान झालं, 23 ला निकाल लागला आणि महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून 230 जागा जिंकल्या. मलकापूर ज्या कराड दक्षिण मतदारसंघात येतं तिथे माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांचा भाजपचे अतुल भोसले यांनी पराभव केला. एवढं मोठं बहुमत मिळाल्यावर अडवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि म्हणूनच लोकांची अपेक्षाही तितकीच ठाम होती.

पुढे काय झालं ते तारखांसह पाहण्यासारखं आहे. 10 मार्च 2025 रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात कर्जमाफी नव्हती आणि 2100 रुपयेही नव्हते. त्यानंतर 28 मार्चला तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत स्पष्ट सांगितलं की राज्याची आर्थिक स्थिती पाहता कर्जमाफी आता शक्य नाही, शेतकऱ्यांनी 31 मार्चच्या आत पीककर्ज भरावं. त्यांनी हे उघडपणे सांगितलं, गोलमोल बोलले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण कॅलेंडर समोर धरा. 28 मार्च हा शुक्रवार होता. मधे एक शनिवार, रविवारी गुढीपाडवा, सोमवारी 31 तारीख आणि त्याच दिवशी रमजान ईद. चार महिने ज्या शेतकऱ्याला कर्ज माफ होणार असं वाटत होतं, त्याला ते होणार नाही हे कळल्यावर पैसे उभे करायला हातात एवढेच दिवस होते. ज्याच्या घरात सोयाबीनची पोती पडून आहेत त्याला ती बाजारात न्यायलाही वेळ नव्हता. नकार द्यायला हरकत नव्हती. तो डिसेंबरात दिला असता तर हजारो खाती वेळेत मिटली असती.

या चार महिन्यांत खात्यावर काय घडतं हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर ते बिनव्याजी पडतं. व्याजाचा काही भाग केंद्र सरकार सोसतं आणि उरलेला राज्य सरकार पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून सोसतं. पण ही सवलत तारखेला बांधलेली आहे. तारीख चुकली की ती जाते, आणि लाखामागे वर्षाला किमान सहा हजार रुपयांचं व्याज खातेदाराच्या डोक्यावर बसतं. शिवाय त्याचं नाव थकबाकी यादीत जातं. थकबाकीदाराला पुढच्या हंगामाचं कर्ज मिळत नाही. मग बियाणं-खतासाठी तो दुकानदाराच्या उधारीवर जातो किंवा सावकाराकडे जातो, जिथे व्याजाचा दर महिन्यावर मोजला जातो. थकबाकी लांबली की सहकार कायद्याच्या कलम 101 खालची वसुलीची कारवाई दारात येते. हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं होत नाही हेही लक्षात घ्यावं लागेल. कृष्णा-कोयनेच्या काठच्या ऊसवाल्याचं कर्ज कारखाना बिलातून कापून सोसायटीला पाठवतो. त्याने आश्वासन ऐकलं काय आणि न ऐकलं काय, त्याची वसुली होतेच. थांबण्याची मोकळीक असते ती सोयाबीन, भुईमूग, ज्वारी घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला, कारण त्याचा पैसा त्याच्या हाताने सोसायटीत यायचा असतो. म्हणजे आश्वासनाचा आधार घेऊन थांबतो तो आधीच हलाखीत असलेला, आणि आश्वासन फिरल्यावर पहिला मार बसतो तोही त्यालाच. मार्चअखेरच्या यादीत अशी नावं नव्याने दिसू लागतात. एरवी कधी न चुकलेला खातेदार त्या वर्षी चुकलेला असतो. तो बुडवा नसतो. त्याने राज्याच्या प्रमुखांनी जाहीर सभेत दिलेला शब्द खरा धरलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की सत्तेत आल्यावर तिजोरीची खरी अवस्था कळते, तेव्हा मागे येणं हाच जबाबदारपणा. नव्याने सत्तेत आलेल्या विरोधी पक्षाच्या बाबतीत हे थोडंफार पटण्यासारखं आहे. 2024 मध्ये मात्र आश्वासन देणारे आणि तिजोरी सांभाळणारे एकच होते. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय जून 2024 मध्ये त्यांनीच काढला होता, आणि निवडणुकीआधी सव्वादोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात पैसे त्यांनीच जमा केले होते. दरमहा 600 रुपये वाढवायचे तर वर्षाला 16 हजार कोटींहून अधिक लागणार, हे गणित कोणत्याही सोसायटीतला कारकून कागदाच्या मागच्या बाजूला करू शकतो. मंत्रालयाला ते नोव्हेंबरात अवघड होतं असं मानता येत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या योजनेला 36 हजार कोटी ठेवले गेले. 1500 च्या हिशेबाने ही रक्कम दोन कोटी महिलांना पुरते. म्हणजे हप्ता वाढणं दूरच, लाभार्थींची संख्याच कमी होणार हे त्या तरतुदीतच लिहिलेलं होतं. पुढे जून 2025 पासून सुमारे 26 लाख महिलांचे हप्ते थांबवले गेले. त्यात नियमात न बसणाऱ्या अनेक असतील, काही ठिकाणी तर पुरुषांनी पैसे घेतल्याचं उघड झालं, आणि अशी छाननी व्हायलाच हवी. प्रश्न क्रमाचा आहे. निवडणुकीआधी अर्ज सरसकट मंजूर झाले आणि निवडणुकीनंतर निकष आठवले. राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाणार असल्याचं त्याच अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. एवढा डोंगर चार महिन्यांत उभा राहत नाही. परिस्थिती खरोखर बदलली, दुष्काळ पडला, साथ आली, तर शब्द मागे घेण्याला मतदार समजून घेतो. इथे परिस्थिती तीच होती. बदलली होती फक्त मतदानाची तारीख.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि सहकारात काम केलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. कर्जमाफी हीच मुळात वाईट गोष्ट आहे, तेव्हा वाईट आश्वासन मोडलं तर बरंच झालं, असं अनेक जाणकार म्हणतात. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी 2017 मध्ये कर्जमाफीने प्रामाणिक परतफेडीची सवय मोडते असा इशारा दिला होता. तो इशारा खरा आहे, त्याचे परिणाम मी वर्षानुवर्षं यादीत पाहिले आहेत. माफी झाली की नियमित भरणारा विचारतो, मी काय पाप केलं होतं? पण परतफेडीची सवय मोडते ती माफीच्या शासन निर्णयाने नव्हे, माफीच्या घोषणेने. वसुली थंडावते ती जाहीरनामा आला त्या आठवड्यापासून. प्रत्यक्ष माफी झाली तर निदान थकीत रक्कम शासनाकडून बँकेत येते, खातं मोकळं होतं, शेतकरी पुन्हा कर्जाला पात्र होतो. आश्वासन दिलं आणि माफी केली नाही, तर सवय मोडल्याचं नुकसान पूर्ण होतं आणि खातं मोकळं होण्याचा फायदा कोणालाच मिळत नाही. बँकेची वसुली अडकते, सोसायटी तोट्यात जाते, शेतकरी थकबाकीदार होतो. कर्जमाफी नको असं ज्याला मनापासून वाटतं त्याने माफीच्या आश्वासनालाच सर्वांत आधी विरोध करायला हवा, आणि तो निवडणुकीआधी करायला हवा.

आश्वासन पूर्ण झालं असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हाही त्यातला बराच भाग मधेच गळालेला असतो, हे या धंद्याने शिकवलं. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरची मर्यादा होती. जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यात माफी मिळून गेल्यावर कमाल मर्यादेपेक्षा जास्त उचल झाली असं कारण देऊन सुमारे 112 कोटी रुपये अपात्र ठरवले गेले आणि पैसे परत मागितले गेले. शेतकऱ्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं. 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली ती 34,022 कोटींची म्हणून. त्यात दीड लाखाची मर्यादा होती, कुटुंबाची अट होती, ऑनलाइन अर्ज होता, नवरा-बायकोने मिळून अंगठा द्यायचा होता. मग हिरवी, पिवळी, लाल अशा याद्या आल्या. दीड लाखाच्या वर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी भरा, मग माफी, ही अट तर अनेकांना पुरी करताच आली नाही. प्रत्यक्ष लाभ जाहीर आकड्याच्या बराच खाली राहिला. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले योजनेतून दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर झाली. ती राबवायला सोपी होती आणि तुलनेने वेगाने झाली, हे मान्य करायला हवं. पण प्रचारात शब्द सातबारा कोरा करण्याचा होता, आणि दोन लाखांच्या वरच्या खातेदाराला त्यात काही मिळालं नाही. नियमित फेडणाऱ्यांसाठी 2020 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान खात्यावर येऊ लागलं ते ऑक्टोबर 2022 मध्ये, सरकार बदलल्यावर. या सगळ्यातून दिसतं ते असं की आश्वासन नेहमी पूर्ण आकाराचं दिलं जातं आणि अटी नंतर येतात. सभेतल्या वाक्यात मर्यादा नसते, कट-ऑफ तारीख नसते, कुटुंबाची व्याख्या नसते. त्या सगळ्या शासन निर्णयात असतात, आणि तो वाचून दाखवण्याचं काम सचिवाच्या वाट्याला येतं. समोर बसलेल्या माणसाला मंत्री दिसत नाही, सचिव दिसतो. त्याचा राग खालच्या पातळीवरच्या व्यवस्थेवर निघतो, आणि हळूहळू सोसायटी, बँक, तलाठी, ग्रामसेवक या सगळ्यांवरचा विश्वास आटत जातो.

तिसरा आक्षेप असा की आश्वासन पाच वर्षांचं असतं, पहिल्याच वर्षी हिशेब मागणं अन्यायाचं आहे. शिवाय निवडून दिलेला माणूस हा निरोप्या नव्हे, त्याला स्वतःची बुद्धी वापरण्याची मोकळीक हवी. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. पण मोकळीक म्हणजे कारण सांगण्यापासून सुटका नव्हे. 1995 मध्ये एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू या घोषणेवर शिवसेना-भाजप युतीने प्रचार केला, सत्तेत आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्दही केला, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून 1996 च्या सुरुवातीला तोच प्रकल्प आधीपेक्षा मोठ्या क्षमतेने मान्य केला. तो निर्णय राज्याला किती महाग पडला हे 2001 मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. 2004 मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज दिली, आघाडी पुन्हा निवडून आली आणि 2005 मध्ये ती सवलत काढून घेतली. म्हणजे हा रोग एका पक्षाचा नाही. बाहेरच्या देशांतही तो आहे. इंग्लंडमध्ये 2010 साली निक क्लेग यांच्या पक्षाने विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं लिहून दिलं, सत्तेत जाऊन फी 9000 पौंडांपर्यंत वाढवायला मत दिलं, दोन वर्षांनी जाहीर माफी मागितली आणि 2015 मध्ये त्यांचे 57 पैकी फक्त 8 खासदार निवडून आले. तिथे निदान आश्वासन लेखी होतं, कोणी सही केली ते ठाऊक होतं आणि माफीही मागितली गेली. आपल्याकडे मार्चमधल्या त्या नकारानंतर 2025 मधले बरेच महिने उत्तर मिळालं ते योग्य वेळी निर्णय घेऊ, एवढंच. पाच वर्षांचा मुद्दा असेल तर पाच वर्षांत कधीतरी असं सभेत सांगावं. मग शेतकरी त्या वर्षीचं कर्ज निमूट भरून टाकतो. पीककर्जाची मुदत वर्षाची असते आणि व्याज दिवसावर चढतं, त्याला विधानसभेची मुदत लागू होत नाही.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून मांडली जात नाही, पण मनात सगळ्यांच्या असते. लोकांनाच फुकटचं हवं, मग नेते काय करणार? मलकापूरचा अनुभव याच्या उलट आहे. या गावाने चोवीस तास पाण्याची योजना राबवली आणि ती बघायला देशभरातून माणसं येऊन गेली. ती योजना फुकट पाण्याच्या शब्दावर उभी राहिली नव्हती. घरोघर मीटर बसले, वापराप्रमाणे बिल आलं, जास्त वापरणाऱ्याला चढा दर लागला. असा दर लावला तर मतं जातील, ही भीती कोणत्याही कारभाऱ्याला वाटली असती. पण पाणी कधी येईल, किती दाबाने येईल, त्यासाठी किती मोजावं लागेल, हे लोकांना आधी सांगितलं गेलं आणि सांगितल्याप्रमाणे झालं. बिलं भरली गेली, पाण्याची नासाडी कमी झाली. लोक किंमत मोजायला तयार असतात, फक्त ती त्यांना अगोदर कळायला हवी आणि मोजल्यावर वस्तू मिळायला हवी. ज्या मतदाराने मीटर स्वीकारला तोच मतदार कर्जमाफीची घोषणाही ऐकतो. त्याला हावरट ठरवणाऱ्याने आधी हे पाहावं की त्याच्यापुढे प्रामाणिक, किंमत सांगणारा पर्याय किती वेळा ठेवला गेला.

मोडलेल्या शब्दाचा सर्वांत वाईट परिणाम मला पुढच्या निवडणुकीत दिसतो. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा जाहीरनामा वाचत नाही. निवडून आल्यावर कोणी काही देणार नाही, तेव्हा जे काय मिळायचं ते मतदानाआधी हातात मिळू दे, असा हिशेब तो करू लागतो. आदल्या रात्रीच्या पाकिटाला आपण नैतिक अधःपतन म्हणतो. माझ्या मते त्यामागे विश्वास संपलेल्या माणसाचा रोखीचा व्यवहार आहे, आणि उधारीचा शब्द कोणी पाळलाच नाही म्हणून तो रोखीवर आला आहे. पण याच कराडच्या मातीत निराशेचा दुसरा मार्गही लोकांनी दाखवला आहे. भाषावार प्रांतांचं तत्त्व काँग्रेसने 1920 च्या नागपूर अधिवेशनापासून मानलं होतं, 1945-46 च्या निवडणूक जाहीरनाम्यातही ते होतं. स्वातंत्र्यानंतर तोच शब्द पुढे ढकलला गेला आणि 1956 मध्ये मराठी माणसाच्या वाट्याला द्विभाषिक राज्य आलं. तेव्हा लोक तोंड फिरवून घरी बसले नाहीत. शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, आणि 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने सत्ताधारी पक्षाला असा धक्का दिला की खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून अगदी थोड्या मतांनी निवडून आले. त्यांनी तो कौल ओळखला, दिल्लीला पटवून दिला आणि 1 मे 1960 रोजी राज्य झालं. अलीकडेही तेच दिसलं. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस शेतकरी नेते बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपुरात रस्ते अडवले तेव्हा मुख्यमंत्र्यांनी 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं कबूल केलं. कर्जमाफी किती आणि कोणाला, यापेक्षा मला त्या दिवशीची एक गोष्ट मोलाची वाटते. जाहीरनाम्यात नसलेली तारीख पहिल्यांदा मिळाली. ती मिळवायला मतदानानंतर जवळजवळ वर्ष जावं लागलं आणि रस्त्यावर उतरावं लागलं.

हे इतकं अवघड असू नये. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2013 रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाही, मात्र निवडणूक आयोगाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करावीत. त्याप्रमाणे आचारसंहितेत भर पडली. आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून येणार याचा ढोबळ मार्ग जाहीरनाम्यात असावा, आणि पुरी करता येतील अशाच आश्वासनांवर मतं मागावीत, असं त्यात लिहिलं आहे. न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून कोणी पाळत नाही. शिक्षेचा कायदा करावा असं मला वाटत नाही. कोर्टाने अर्थसंकल्प चालवू नये. पण हिशेब मांडण्याची सक्ती करता येते, आणि तिचा नमुना सहकारातच आहे. गावातली लहानशी सोसायटी घ्या. तिच्या चेअरमनला दरवर्षी सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवाल सभासदांपुढे ठेवावा लागतो, मागच्या वर्षी ठरवलेलं का झालं नाही याचं उत्तर द्यावं लागतं. काही लाखांच्या उलाढालीला जो नियम लागतो तो लाखो कोटींच्या राज्याला लावण्यात गैर काय? दर मार्चला अर्थसंकल्पाबरोबर सत्ताधारी पक्षांच्या प्रत्येक आश्वासनाची स्थिती विधिमंडळात मांडली जावी. पूर्ण झालं, कोणत्या वर्षी होणार, किंवा होणार नाही आणि का, असे तीन रकाने पुरे आहेत. होणार नाही हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण वेळेवर मिळालेला नकार माणसाला थकबाकीतून वाचवतो. तो कायदा होईपर्यंतचं काम आपल्याकडे आहे. प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला गावाने चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या, सोसायटीच्या फलकावर त्याच्या नावानिशी लिहून ठेवावीत: कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपये, कोणाला मिळणार नाही, आणि पैसा कुठून आणणार. ज्याला ही उत्तरं देता येत नाहीत त्याच्या आश्वासनावर कोणीही आपल्या कर्जाचा हप्ता थांबवू नये, मग तो नेता कितीही मोठा असो आणि कोणत्याही पक्षाचा असो. आणि ज्याने ती दिली व पाळली नाहीत, त्याला पुढच्या वेळी मत मागण्याआधी त्याच फलकासमोर उभं करावं. मतदाराचा विश्वास ही राज्याची सर्वांत मोठी ठेव आहे. ती बुडवणाऱ्यालाही थकबाकीदार म्हणण्याची हिंमत आपण दाखवली, तरच पुढच्या जाहीरनाम्यात तारीख छापली जाईल.